चाळीस पावलांचं पत्र

हळद पिकवणाऱ्या एका गावात एक जासूद राहत होता. गावाचं नाव निंबसर, जासुदाचं नाव हैबती. जासूद म्हणजे पत्रं पोचवणारा माणूस. त्याच्या खांद्याला थैली असे, डोक्याला तांबडं मुंडासं असे आणि हातात घुंगरांची काठी असे. काठी वाजली की बायामाणसं हातातलं काम टाकून दारात येत. घुंगरं वाजली म्हणजे कुठेतरी कोणीतरी आपली आठवण काढली, एवढं सगळ्यांना कळत असे.

हैबतीच्या घराण्याचे दोन नियम होते. पत्र ज्याच्या नावाचं, त्याच्याच हातात द्यायचं, हा पहिला. आणि तो वाचत असेल तेवढा वेळ त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, हा दुसरा. वाचताना माणसाचा चेहरा उघडा पडतो आणि तो बघायचा हक्क जासुदाला नाही, असं हैबतीचा बाप सांगायचा. हैबतीने तीस वर्षं पत्रं पोचवली, पण पत्र वाचणाऱ्या माणसाचा चेहरा एकदाही पाहिला नाही. त्याची बायको ठकू त्याला चिडवायची, की तुम्ही चार गावांच्या भिंती आणि झाडंच तेवढी नीट बघितली आहेत.

निंबसरला एक हौशी पंतोजी होते. त्यांच्या कृपेने गावात झाडून सगळ्यांना लिहितावाचता येत होतं. आता लिहिता येणाऱ्या माणसाला लिहायला जागा लागते. एका जत्रेआधी शिदोजी पाटलांनी चावडीची लांबलचक भिंत चुन्याने रंगवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर कोळशाने कोणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘माझी करडी शेळी हरवली आहे.’ पाटील आधी संतापले. पण दुपारच्या आत शेळी सापडली, आणि पाटलांचा राग गेला. त्यांनी जाहीर केलं, की ज्याला जे सांगायचं ते त्याने भिंतीवर लिहावं. दर सोमवारी नवा चुना लागेल आणि भिंत पुन्हा कोरी होईल.

मग काय विचारता. लोक तांब्याभर पाणी प्यायले तरी भिंतीवर लिहू लागले. भिंतीच्या पायथ्याला कालवलेल्या हळदीची एक वाटी ठेवलेली असे. मजकूर वाचला, आवडला, की त्यात बोट बुडवायचं आणि मजकुराखाली उठवायचं, अशी पद्धत पडली. कोणाच्या मजकुराला किती बोटं, याची गावात चढाओढ लागली. पुरणपोळीला चाळीस बोटं मिळत, बारशाला साठ. माणसं जेवताना उजव्या हाताचं पिवळं बोट मिरवत बसत.

भिंतीने गावाचं भलंही केलं, ते नाकारून चालणार नाही. सोनाराची गाय ओढ्यात अडकली तेव्हा भिंतीवरचं वाचून पन्नास माणसं दोरखंड घेऊन धावली. बाजाराच्या दिवशी चार गावचे लोक येत, भिंत वाचून जात, आणि निरोप आपोआप पोचत. पण एका म्हातारीने लिहिलं, ‘आज गुडघे फार दुखतात.’ त्याखाली सत्तावीस बोटं उठली, आणि तेल लावायला एकही माणूस गेला नाही. ज्याने त्याने बोट उठवलं आणि आपलं काम झालं असं समजून तो घरी गेला.

हैबतीची थैली हलकी होत गेली. आधी आठवड्याला वीस पत्रं असत, मग सात झाली, मग दोन. काठीच्या घुंगरांत कोळ्याने जाळं केलं. शेवटी पौष महिन्यात पाटलांनी चावडीवर गाव जमवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, की आता पत्र कोण लिहितं? एका निरोपासाठी कागद, शाई, लाख आणि वर हा माणूस. भिंतीवर तेच काम एका कोळशात होतं आणि सगळ्या गावाला कळतं. लोकांनी माना डोलावल्या. ठरलं असं, की होळीला हैबतीने काठी देवळात टांगावी आणि पुढे भिंतीचा चुना कालवायचं काम बघावं. जासुदकीसाठी त्याच्याकडे असलेला ओढ्याकाठचा जमिनीचा पट्टा भिंतीच्या देखभालीला जाईल.

हैबतीला पाटलांचं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं आणि पटतही नव्हतं. तो घरी आला आणि काठीवरचं जाळं काढत बसला. ठकूने विचारलं, की जी काठी टांगायचीच आहे ती पुसताय कशाला? तो म्हणाला, की टांगली तरी स्वच्छ टांगावी. त्या दिवशी ठकूने त्याला चिडवलं नाही.

त्याच सुमाराला हळदीची काढणी सुरू झाली. हळद जमिनीतून काढली की फार दिवस ठेवून चालत नाही. मोठ्या काहिलीत, म्हणजे पसरट कढईत, शिजवावी लागते, मग वाळवावी लागते. हैबतीच्या आळीत निवृत्ती आणि दौलत हे दोघे भाऊ समोरासमोर राहत. एकाच्या उंबऱ्यापासून दुसऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत मोजून चाळीस पावलं. त्यांच्या बापाची एक जुनी काहील होती, दोन कड्यांची. बापाने जाताना एक कडी थोरल्याला दिली, एक धाकट्याला. दुसऱ्याच्या कडीला हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. म्हणजे दोघं आले तरच काहील चुलाणावर, त्या मोठ्या चुलीवर, चढणार.

मागच्या साली निवृत्तीने घाई केली होती. दोघांनी मिळून काहील चढवली, पण धाकट्याची पाळी असताना त्याने आपलाच माल शिजवून घेतला. दौलतची हळद पाल्याखाली पडून राहिली, तिला बुरशी आली आणि निम्मी उकिरड्यावर गेली. तेव्हापासून दौलत भावाशी बोलत नव्हता. या साली दोघांचीही हळद निघाली होती, दोघांच्याही खळ्यात ढीग लागले होते, आणि काहील मात्र लिंबाखाली पालथी पडली होती. बापाची काहील दारात असताना दुसऱ्याच्या दारात काहील मागायला दोघांपैकी एकही तयार नव्हता.

निवृत्तीला आपली चूक मनातून खात होती. पण चुकीची कबुली द्यायची कशी, हे त्याला उमजत नव्हतं. गाव करतं तेच त्याने केलं. सकाळी उठून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘दौलत, गेल्या साली माझी चूक झाली. ये, काहील उचलू.’

दुपारपर्यंत त्याखाली त्रेसष्ट बोटं उठली. बोटांवर थांबेल ते निंबसर कसलं? कोणी खाली लिहिलं, ‘थोरल्याचं मन थोर.’ कोणी लिहिलं, ‘आता धाकट्यानेही मोठेपणा दाखवावा.’ कोणी लिहिलं, ‘आणि नासलेल्या हळदीचं काय?’ सगळ्या गावाने वाचून झाल्यावर सगळ्यात शेवटी ते दौलतने वाचलं. तो आला तेव्हा चाळीसेक माणसं त्याचं तोंड बघायला उभी होती. भावाचे शब्द त्याच्यासाठी होते, पण ते त्याच्या आधी सगळ्यांच्या हातून फिरून आले होते. त्याने कोळसा उचलला आणि लिहिलं, ‘चूक कळायला वर्ष लागतं काय?’

त्याला एकाहत्तर बोटं मिळाली.

झालं. गावात दोन तट पडले. पाणवठ्यावर बायका त्रेसष्टच्या बाजूने आणि एकाहत्तरच्या बाजूने भांडू लागल्या. सोमवारी चुना लागला, दोघांचेही शब्द पुसले गेले, पण भांडण तसंच राहिलं. ढिगांतल्या हळदीला कोंब दिसू लागले. आणखी आठ दिवस गेले असते तर त्या हळदीला कोणी हात लावला नसता.

एके दिवशी दुपारी हैबती अंगणात चुना कालवायचं शिकत होता. निवृत्ती कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात लाखेने बंद केलेला कागद होता.

“हैबतीबाबा, एक पत्र पोचवायचं हाय.”

“कुठल्या गावाला?”

“समोरच्या दाराला.”

हैबतीला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. चाळीस पावलांवरचं घर, पायात वहाण घालायच्या आधी माणूस पोचतो. त्याने विचारलं, की तूच जाऊन का सांगत नाहीस? निवृत्तीने खाली बघत सांगितलं, की गेलो तर तो दार लावून घेतो. आणि दार उघडंच राहिलं तर माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघतं. तीन रात्री जागून लिहिलंय, चार कागद फाडलेत, पाचवा हा.

हैबतीने हात धुतले. मुंडासं बांधलं, थैली खांद्याला लावली, पत्र थैलीत ठेवलं. ठकूने न सांगता काठी आणून दिली. चाळीस पावलांसाठी एवढा थाट कशाला, असं ती म्हणाली नाही. पत्राला अंतर बघून मान द्यायचा नसतो, हे तीस वर्षांत तिलाही कळलं होतं.

दीड महिन्यात घुंगरं वाजली नव्हती, त्यामुळे आवाज आला तशी अख्खी आळी बाहेर आली. दौलत घरी नव्हता. त्याच्या बायकोने सांगितलं, की ते खळ्यावर गेलेत, पत्र माझ्याकडे द्या. हैबतीने नम्रपणे नकार दिला आणि खळ्याची वाट धरली. मागून लोक चालू लागले. आधी पाच, मग पंधरा. थोरल्याने धाकट्याला पत्र लिहिलंय, ही बातमी हैबतीच्या आधी चावडीवर पोचली. हैबती तिथे आला तेव्हा पाटील वाटेत उभे होते आणि कोणीतरी कोळसा घेऊन भिंतीशी तयार होता.

पाटील माणूस म्हणून वाईट नव्हते. गावात शांतता व्हावी असं त्यांना खरंच वाटत होतं, आणि पत्रात काय आहे ते कळावं असंही तितकंच वाटत होतं. ते म्हणाले, की हे भांडण आता दोघांचं राहिलेलं नाही, गावाचं झालंय. तेव्हा पत्र इथेच फोड आणि मोठ्याने वाच.

हैबतीने थैली छातीशी धरली.

“वाच, हैबती. वाचलंस तर काठी टांगायची नाही. पट्टाबी तुझ्याकडंच राहील. पाटलाचा शब्द हाय.”

हैबतीच्या डोळ्यांपुढे ओढ्याकाठचा पट्टा आला. त्यात ठकूने लावलेली मेथी होती. लाख फोडायला अंगठ्याचा जोर पुरे होता, आणि आत काही वाईट नसणारच होतं. कदाचित वाचून गावाचं भलंही झालं असतं. एक क्षण त्याचा हात थैलीत गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. हाताला कागद लागला. कागद घामाने किंचित ओलसर होता. निवृत्तीने तो किती वेळ मुठीत धरला असेल, हे हैबतीला त्या ओलीवरून कळलं. त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

“पाटील, भिंतीवरचं सगळ्यांचं असतं. हे एकाचं हाय. एकाचं सगळ्यांत वाटलं, तर त्या एकाला काय उरंल?”

पाटलांचा चेहरा उतरला. होळीला काठी देवळात दिसली पाहिजे, एवढंच म्हणून ते बाजूला झाले. हैबतीने मागच्या लोकांना हात जोडले आणि सांगितलं, की यापुढे माझ्यामागे येऊ नका. लोक थांबले. का थांबले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दौलत खळ्यात एकटाच ढिगाशी बसला होता. कोंब आलेली कांडी निवडून बाजूला टाकत होता. हैबतीने त्याला पत्र दिलं, कोणाचं ते सांगितलं आणि पाठ फिरवली. समोर बाभळीचं झाड होतं. हैबतीने त्या झाडाचा काटा न् काटा बघून घेतला. मागे लाख फुटल्याचा आवाज आला, कागद उलगडल्याचा आला. मग दौलतने नाक ओढलं. हैबती हलला नाही.

पत्रात काय होतं, ते हैबतीला कधीच कळलं नाही, म्हणून ते या गोष्टीतही नाही.

पुष्कळ वेळाने दौलत म्हणाला, “जरा थांबा, हैबतीबाबा. उत्तर न्यायचं हाय.” त्याच्याजवळ शाई नव्हती. त्याने ओल्या हळदीचं कांडं मोडलं आणि त्याच कागदाच्या पाठीवर त्याने काहीतरी लिहिलं. अक्षरं चार किंवा पाच असतील, कारण त्याला फार वेळ लागला नाही. कागदाची घडी घालून तो म्हणाला, की हे फक्त दादाच्या हातात द्या. हैबती म्हणाला, की दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं मला येतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली दोन माणसं आली. एकाने एक कडी धरली, दुसऱ्याने दुसरी. दोघांनी मिळून काहील उचलली. चुलाणावर ठेवल्यावर निवृत्ती म्हणाला, “आधी तुझी घाल.” दौलतने टोपली ओतली. वाफ निघाली तेव्हा दोघांनीही डोळे पुसले आणि दोघांनीही धुराला नावं ठेवली.

दुपारी भिंतीवर नवा मजकूर दिसला. ‘आमची काहील चढली आहे. ज्यांची हळद शिजायची राहिली असेल त्यांनी घेऊन यावं. निवृत्ती, दौलत.’ खाली बोटं उठली ती कोणी मोजली नाहीत. या वेळी बोटं उठवून लोक घरी गेले नाहीत. कोणी जळण आणलं, कोणी पाणी आणलं, कोणी नुसतंच चुलाणाशी येऊन उभं राहिलं. हैबतीनेही वाटीत बोट बुडवून भिंतीवर उठवलं. ही गोष्ट सगळ्यांना सांगायची होती, आणि भिंतीने ती बेस सांगितली, हे त्याला मनापासून वाटलं.

तरी होळी यायची थांबली नाही. पाटलांनी शब्द मागे घेतला नव्हता आणि हैबतीला रदबदली करायची नव्हती. होळीच्या दिवशी सकाळी त्याने काठीची घुंगरं घासूनपुसून लख्ख केली आणि तो देवळात गेला. तिथे खुंटी ठोकून तयार होती. पाटील एकटेच खुंटीखाली उभे होते.

या पाटलांची एक गोष्ट गावाला ठाऊक होती, पण भिंतीवर कोणी लिहीत नव्हतं. त्यांची एकुलती लेक मंजुळा बारा कोसांवर दिली होती. लग्नाच्या मांडवातच बापलेकीत शब्दाला शब्द लागला, आणि दोन वर्षं ती माहेरी आली नव्हती. मागच्या होळीला पाटलांनी भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘गावच्या सगळ्या लेकीबाळींनी सणाला माहेरी यावं.’ गावच्या सगळ्या लेकी आल्या. मंजुळा आली नाही. बाजारकऱ्यांनी तिला निरोप सांगितला होता, पण सगळ्या लेकींना केलेलं बोलावणं तिने स्वतःचं मानलं नाही.

हैबतीने काठी खुंटीकडे नेली. पाटलांनी त्याचा हात धरला. मग उपरण्याच्या आतून एक कागद काढला. त्याच्यावर लाख इतकी थापली होती, की ती फोडायला पोरीला पाटा-वरवंटा लागला असता.

“मंजुळेच्या हातात दे. तिच्याच.”

“व्हय.”

पाटील घुटमळले. त्यांचा आवाज बारीक झाला. “आणि ती वाचंल तवा... पाठ करून उभा राहशील न्हवं?”

“पाटील, तेवढंच तर मला येतं.”

हैबतीने पत्र थैलीत ठेवलं आणि देवळातून बाहेर पडला. त्या दिवशी खुंटी रिकामीच राहिली, आणि आता लोक तिला दिवा अडकवतात. वेशीपर्यंत घुंगरं ऐकू येत होती. पाटील ती ऐकत चावडीवर गेले, आणि त्यांनी चुना लावायला दुसरा माणूस नेमला.

पाडव्याला मंजुळा आली. गाडीतून उतरली, उंबऱ्यावर थांबली, आणि बापाने काही बोलायच्या आत तिने त्याच्या पायाला हात लावला. त्या दिवशी पाटलांच्या घरी काय झालं ते भिंतीवर लिहिलं गेलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र हैबतीच्या थैलीत अकरा पत्रं होती. त्यातलं एक त्याच गुडघेदुखीच्या म्हातारीला आलं होतं, आणि पत्रामागोमाग तेलाची वाटी घेऊन ते लिहिणारी शेजारीण आली होती.

निंबसरला भिंतही राहिली आणि थैलीही. कोणी कोणाची जागा घेतली नाही.

तात्पर्य: चार जणांना सांगायचं ते खुशाल चव्हाट्यावर सांगावं, पण ज्या गोष्टीला एकच धनी असतो, ती त्याच्या एकट्याच्या हातात द्यावी. नवी वाट कितीही रुंद झाली, तरी एका मनाकडून दुसऱ्या मनाकडे जाणारी अरुंद वाट मोडत नाही. तिच्यावरून चालणारी माणसं तेवढी हवीत.